उन्हात टिकणारी झाडं

भागीरथा दिघोरे हिची सगळी झाडं एकाच उन्हाळ्यात मेली, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती.

अकरा झाडं होती. तेलाच्या पिप्यांत आणि फुटक्या मडक्यांत लावून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट आणि भांड्यांच्या मधे कोंबून तिनं ती जुन्या गावाहून आणली होती. मोगरा, दोन जास्वंदी, शेवंती, केळीचं पिल्लू, बाकी अशीच. जुनं गाव नदीकाठी होतं. ते धरणाच्या पाण्यात जाणार हे ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती, त्यामुळे खरंच जायची वेळ आली तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. मग महिनाभरात सगळं झालं.

नवं गाव लाखनीपासून आठ किलोमीटरवर, मुरमाच्या टेकाडावर. एकसारख्या घरांच्या सात ओळी, मधे सिमेंटचे रस्ते, प्रत्येक घरापुढे बारा हात अंगण. सावली म्हणजे विजेच्या खांबांची. नळ दिवसाआड यायचा. मुरमात पाणी ओतलं की क्षणभर काळं दिसायचं, मग नाहीसं व्हायचं. मोगरा एप्रिलमध्ये गेला. केळीचं पिल्लू उकडल्यासारखं झालं. मे संपता संपता शेवटची जास्वंद वाळली. भागीरथाने पिपे पालथे करून भिंतीला लावून ठेवले आणि आत जाऊन भात टाकला.

तिचा नवरा आसाराम हे सगळं खाटेवरून पाहत होता. तो ढिवर, जन्मभर नदीवर मासे धरलेला माणूस. मरळ कुठल्या खड्ड्यात बसते हे त्याला पाण्याकडे बघून कळायचं. इथे बघायला पाणी नव्हतं. जेठात एक दिवस त्याने जाळं सायकलला बांधलं. दहा-बारा किलोमीटरवर एक मोठा तलाव होता, तिथल्या मच्छीमार सोसायटीत नाव लावून घेतात का, ते विचारायला निघाला. संध्याकाळी परत आला.

"काय म्हनले?" भागीरथाने विचारलं.

"नाही म्हनले."

त्याने जाळं खुंटीला टांगलं आणि हातपाय धुतले. तिनेही पुढे विचारलं नाही.

त्याच साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत असताना, आसाराम चहा पिऊन आडवा झाला तो उठला नाही. ना ताप, ना खोकला. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं.

भागीरथा रडली नाही. बायांनी तिला मधे बसवलं, आसारामचा शर्ट तिच्या मांडीवर ठेवला, त्याच्या चांगुलपणाच्या गोष्टी मोठ्याने सांगितल्या. शेजारची उषाबाई जुन्या गावातलीच, तीस वर्षांची ओळख. ती तिला हलवून म्हणाली, "रड ना वं बाई. मोकळी हो."

"येत नाही."

"अशी कशी येत नाही?"

"नाही येत. काय करू?"

पुढे गावात बोललं गेलं की दिघोऱ्याची बाई दगडाची आहे. ते तिच्या कानावर आलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. लेक ज्योत्सना सिहोऱ्याला दिलेली. ती महिनाभर येऊन राहिली, आईकडे पाहून घाबरली, डॉक्टरकडे चल म्हणाली. भागीरथा म्हणाली, दुखत तर काहीच नाही. ते खरं होतं. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी कळायचं नाही. कोणी हसलं की ती पण हसायची, पण थोडी उशिरा, दुसऱ्यांकडे पाहून.

सकाळी या पुनर्वसन कॉलनीतल्या बाया ऑटोने हायवेकडे कामाला जायच्या. दिवाळीनंतर भागीरथाही त्यात बसायला लागली. लिलाधर नावाच्या माणसाची हायवेला लागून नर्सरी होती. त्याला पाणी घालायला बाई हवी होती.

लिलाधर झाडं ट्रकने मागवायचा, फुलावर आलेली. पेटुनिया, डेलिया, गुलाब, जरबेरा. पुढे मांडली की जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. लोक रंग बघून घेऊन जायचे. महिन्याभराने त्यातलेच काही परत यायचे, मेलेली कुंडी हातात घेऊन. लिलाधर म्हणायचा, तुम्ही पाणी जास्त घातलं. नाहीतर म्हणायचा, कमी घातलं. भागीरथा मागे नळी धरून उभी असायची आणि ऐकायची.

तिथल्या पहिल्याच मे महिन्यात लिलाधर मेहुणीच्या लग्नाला बपेऱ्याला गेला आणि दुसऱ्याच दिवशी बोअरची मोटर जळली. मिस्त्री म्हणाला चार दिवस लागतील. पारा सेहेचाळीसच्या वर होता. नर्सरीत हजाराच्या वर झाडं, आणि पाणी म्हणजे सिमेंटच्या टाक्यात कमरेइतकं. लिलाधरचा फोन लागत नव्हता.

भागीरथा टाक्याच्या काठावर थोडा वेळ बसली. मग उठून तिने रांगा फिरायला सुरुवात केली. प्रत्येक झाडाचं पान चिमटीत धरून पाहिलं, खोड दाबून पाहिलं. जाड खोडाची, जाड पानांची जी होती, अडेनियम, कोरफड, काटेरी युफोर्बिया, स्नेक प्लांट, त्यांना तिने एक थेंब दिला नाही. बोगनवेलीला दिला नाही. सदाफुलीला दिवसाआड लोटाभर. क्रोटन आणि कढीपत्ता हिरव्या जाळीखाली ओढून जवळजवळ लावले, एकमेकांच्या सावलीत, आणि उरलेलं बहुतेक पाणी त्यांना. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या सिमेंटवरून उचलून भुशावर ठेवल्या, कारण हात लावला तेव्हा चटका बसला होता. गुलाब आणि जरबेऱ्याच्या रांगा तिने तशाच सोडल्या. तिसऱ्या दिवशी त्या रांगा कागदासारख्या झाल्या. दुसऱ्या कोणाला ते बघवलं नसतं. ती पलीकडून बादली घेऊन गेली.

लिलाधर आला आणि पुढच्या रांगा पाहून ओरडायला लागला. "सारं जाळून टाकलंस वं बाई! फुलाचं एक झाड नाही ठेवलं!"

"ते ठेवले असते तर मागचे गेले असते," भागीरथा म्हणाली. "जाऊन पाहा."

तो मागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "बोगनवेल तर फुलली आहे."

"तिले पानी नाही भेटलं तं फुलते ते."

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की लिलाधर भागीरथाला पुढे बोलवायला लागला. तिला बोलायची हौस नव्हती. ती तीनच गोष्टी विचारायची. ऊन सकाळचं येते का दुपारचं? घरी लहान लेकरू किंवा शेळी आहे का? आणि पाणी कोण घालते? तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळायचे. नवरा बायकोकडे बघायचा. मग ती म्हणायची, "मंग तुमी अडेनियम न्या. विसरले तं चालते. पन रोज पानी घालान तं सडते." शेळी असेल त्या घरी कण्हेर देत नसे, पोरं असतील तिथे दुधासारखा चीक निघणारं काही देत नसे. पावसाळी लिली देताना सांगायची की उन्हाळ्यात ही पार दिसेनाशी होईल, कुंडी रिकामी आहे समजून माती फेकू नका. कोणी पेटुनियाकडे हात केला तर सरळ सांगायची, "होळीपर्यंत आहे हे. मंग मले बोल लावू नका."

तिच्या बोलण्यात गोडवा नव्हता, त्यामुळेच लोकांना ते खरं वाटलं असावं. साकोलीहून, भंडाऱ्याहून माणसं तिला विचारत यायला लागली. "ते बाई आहे का, जिचे झाडं मरत नाहीत?"

नर्सरीत कुंडी फुटायची, फांदी मोडायची. मोडलेलं ती पदरात घालून घरी न्यायची. भिंतीला पालथे ठेवलेले पिपे तिने सरळ केले, तळाला खिळ्याने भोकं पाडली, मुरमात शेणखत आणि जुन्या भाताचा कोंडा मिसळला. पिप्यांखाली विटा लावल्या. ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाच्या चार काड्या खोचल्या, आठ दिवसांत लागल्या. सकाळी नऊच्या सुमारास त्यांची फुलं उघडायची तेव्हा ती ऑटोत बसलेली असायची. उषाबाई पाहायची आणि संध्याकाळी सांगायची, आज पिवळी होती. मग उषाबाईने काड्या मागितल्या. मग पुढच्या घरच्या खुशबूने. भागीरथा तोडून द्यायची. दोन वर्षांत तिच्या ओळीतल्या सगळ्या घरांपुढे काही ना काही होतं. रस्त्याकडची पोरं त्या ओळीला फुलवाली लाइन म्हणायची. लोक म्हणायचे, भागीरथाबाईनं गाव सजवलं. तिला ते दुसऱ्याच कोणाबद्दल असल्यासारखं ऐकू यायचं.

आसारामला जाऊन चौथं वर्ष लागलं त्या माघात एक साठीचा माणूस नर्सरीत आला. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. त्याने नवं घर बांधलं होतं, समोर पूर्ण सिमेंट टाकलं होतं, आणि आता दुपारी खिडकीतून भट्टीसारखी झळ आत येत होती.

"घरवालीले लकवा झाला दोन वर्षांमांगं," तो म्हणाला. "खिडकीपाशीच पडून राह्यते. तिच्यासाठी काही पाह्यजे. देखणं. आन टिकनारं."

"पानी कोन घालते?"

त्याने दुपट्टा खांद्यावर नीट केला. मग म्हणाला, "मीच घालीन."

खिडकी कशी आहे हे पाहिल्याशिवाय काय द्यायचं ते सांगता येणार नाही, असं भागीरथा म्हणाली. त्याने तिला गाडीतून नेलं. गाडी एका मोठ्या तलावाच्या पाळीवरून गेली. पाण्यावर मासेमारीचे चार डोंगे होते. घराच्या फाटकाला पाटी होती, कृष्णराव अमुक, आणि खाली मच्छीमार सोसायटीचं नाव, अध्यक्ष. तेव्हा तिला कळलं की आसाराम इथेच आला होता.

ती आत गेली. खाटेवर कृष्णरावची बायको धुरपता डाव्या कुशीवर होती. एक हात निकामी, तोंड थोडं वाकडं. ती या बाईकडे पाहत राहिली. भागीरथा खाटेजवळ खाली बसली, डोकं उशीच्या उंचीला नेलं आणि तिथून खिडकीबाहेर पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीचा वरचा वीतभर भाग दिसत होता, बाकी आभाळ. जमिनीवर ठेवलेली एकही कुंडी या बाईला दिसणार नव्हती.

बाहेर येऊन तिने कृष्णरावला सांगितलं. बोगनवेल दोन, भिंतीच्या पलीकडे जमिनीत, म्हणजे वरून आत लोंबतील. खिडकीच्या गजांना टांगून ऑफिस टाइम. ते जवळून दिसेल, रोज उघडेल, रोज मिटेल. सिमेंटवर विटांचा ओटा करून त्यावर अडेनियम, खिडकीच्या उंचीला. खोलीत आतल्या कोपऱ्यात स्नेक प्लांट. कृष्णराव मान हलवत होता.

मग ती म्हणाली, "चार वर्षांमांगं एक मानूस आला होता इथं. सायकलवर. जाळं घेऊन."

"लय येत होते त्या साली. धरनातले."

"आसाराम नाव होतं."

कृष्णरावने आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं, ते तिला दिसलं. "नाही येत ध्यानात, बाई. आन सभासद नसन तं आमी तरी काय करनार होतो? इथं आमच्याच चाळीस घराले पुरत नाही. तुमचा कोन होता?"

"घरवाला."

"बरा आहे ना?"

"नाही. वारला."

कृष्णरावने दुपट्ट्याने तोंड पुसलं. तिला त्याचा राग यायला हवा होता, असं तिला वाटलं. ती थोडी थांबली, राग येतो का पाहिलं. मग विटा कुठे आहेत ते विचारलं.

चार दिवसांनी ती झाडं घेऊन आली. कृष्णराव तलावावर गेला होता. ती खिडकीच्या गजांना तारेने कुंड्या बांधत होती तेव्हा आतून धुरपता बोलली. शब्द जड यायचे, एकेक, पण कळायचे.

"सायकल हिरवी होती."

भागीरथाचा हात थांबला. "तुमी पाह्यलं होतं त्यायले?"

धुरपताने पाहिलं होतं; मागचं बोलणं तिने खिडकीतून ऐकलं होतं. तेव्हा ती चालती होती. त्या दिवशी अंगणातली सोसायटीची बैठक संपून माणसं उठून गेली, तरी तो सायकलवाला गेला नाही. जिथे आता सिमेंट आहे तिथे चाफ्याचं जुनं झाड होतं, त्याच्या सावलीत बसला होता. तिने त्याला पाणी नेऊन दिलं. त्याने तांब्या रिकामा केला आणि वर पाहून विचारलं, हा उन्हात कसा काय फुलला?

"मी म्हनलं, याले काही लागत नाही. फांदी लावा कुठंबी, लागते." धुरपता दम घ्यायला थांबली. "मंग म्हने, माया घरवालीचे सारे झाडं मेले. तिनं काही म्हनलं नाही, पन मेले. एक फांदी देता का?"

"तुमी देली?"

"मीच तोडली. मोठी. हाताएवढी. सांगतलं का आठ दिवस सावलीत ठेवा, चीक वाळू द्या. मंगच लावा. नाही तं सडते. जाळ्यात गुंडाळून नेली त्यानं. लागली का?"

भागीरथा खिडकीबाहेर उभी होती. हातात तार होती.

"घरी नाही दिसली मले," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही."

धुरपताने डोळे मिटले. भागीरथाने उरलेल्या दोन कुंड्या बांधल्या, ओट्यावर अडेनियम मांडले, किती दिवसांनी किती लोटे ते धुरपताला दोनदा सांगितलं आणि निघाली.

ऑटोत बसल्यावर तिला आठवायला लागलं. तोडलेली चाफ्याची फांदी आठ दिवसांत पानं टाकते. राखाडी, बोडकी काडी राहते. नर्सरीत ती हे रोज लोकांना सांगायची, मेलं समजू नका म्हणून. आणि त्या जेठात, पाऊस लागायच्या आधी, ती घरामागून, गल्लीतून, टेकाडावरून दिसेल ती वाळकी काडी गोळा करून चुलीशी रचत होती. नवीन जागा, सरपण नाही, पावसाळा तोंडावर. आसारामने ती घरामागच्या सावलीत ठेवली असेल. सांगितलं नसेल. आठ दिवसांनी लावू, लागली की दाखवू, असं म्हणाला असेल मनात. आणि आपणच ती चुलीत घातली असेल. तो खाटेवर बसून पाहतही असेल. की त्याने ती वाटेतच फेकली होती? पाळीवरून तलावात? काहीच कळायला मार्ग नव्हता.

ती कॉलनीच्या फाट्याला उतरायची विसरली. पुढच्या गावाला ऑटोवाल्याने विचारलं तेव्हा उतरली आणि तीन किलोमीटर मागे चालत आली. पाय भाजत होते. ते तिला कळत होतं.

उषाबाई दारात तांदूळ निवडत होती. भागीरथा आपल्या घरी न जाता तिच्यापुढे जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. मधे थांबली नाही. उषाबाईने सूप खाली ठेवलं.

"चुलीत घातली असन मीनं, उषा."

"काय सांगता येते? जनावरानंबी नेली असन."

"मी विचारलं असतं त्या दिवशी, का काय झालं तिथं, तं सांगतलं असतं त्यायनं."

"त्यायनं तरी कुठं सांगतलं?" उषाबाई म्हणाली. "तुमी दोघंबी तसेच."

भागीरथाने सुपातले चार खडे वेचून बाजूला टाकले. थोड्या वेळाने म्हणाली, भूक लागली. उषाबाईने भात आणि वाळल्या मासोळीचा रस्सा वाढला. पहिल्या घासाला भागीरथा म्हणाली, "मीठ कमी आहे वं," आणि उषाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्यासारखीच ऑटोत बसली. काही एकदम बदललं नाही. रडू त्या दिवशी आलं नाही आणि नंतरही आलेलं नाही. ज्योत्सना फोनवर विचारते, "बरं वाटते का आता?" तेव्हा ती विचार करून म्हणते, "कदी कदी."

कृष्णराव पाणी घालतो, पण जास्त. एक अडेनियम त्याने सडवलंच. त्यामुळे भागीरथाला दर पंधरवड्याला तिकडे जावं लागतं. कात्री चालवायची, कुंड्या फिरवायच्या, माती बोटाने पाहायची. एका वर्षात बोगनवेल भिंतीवरून आत आली. सकाळी ऑफिस टाइम उघडलं की धुरपता रंग मोजते, आणि सुनेला, दुधवाल्याला, येईल त्याला सांगते.

काम झालं की भागीरथा खाटेजवळ बसते. चहा येतो. धुरपता दर वेळी काहीतरी विचारते, कारण तिला दिवसभर दुसरं काही नसतं. तुमच्या गावची नदी किती रुंद होती. पोरगी कितवी शिकली. एकदा तिने विचारलं, तुमच्या घरवाल्याले खायाले काय आवडे?

"शिंगी मासोळीचा झोल," भागीरथा म्हणाली. "आंबाडी घालून. पन काटा स्वतः काढत नोहोता. मले बसवे काढाले."

"लेकरावानी?"

"हो. एवढा मोठा मानूस."

धुरपताच्या तोंडाची एक बाजू हसली. भागीरथाने बशीत उरलेला चहा संपवला, आणि मग एका उन्हाळ्यात आसारामने भर दुपारी नदीत उभं राहून हाताने मरळ कशी धरली होती, ते सांगायला लागली.